भागीदारीला शंभरपैकी एक्याण्णव

४ जानेवारी, सकाळी साडेदहा

ही डायरी मला कार्यक्रमातून मिळाली. कडक पुठ्ठा, आत लाल रिबीन. सूनबाईचा डोळा होता तिच्यावर, पाककृती उतरवायला. मी म्हटलं, ऑफिसची वस्तू आहे, तिच्यात ऑफिसचंच लिहायचं. म्हणून लिहायला बसले. शाळा चौथीपर्यंत झाली, पण या घरात सगळ्यांत सुवाच्य अक्षर माझंच. चिरंजीवांचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून मुंगी हिंडलेली. आणि ते पदवीधर.

तर ऑफिस कसलं, ते आधी लिहिते. आमची नात चिंगी, वय सव्वीस. दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवते. माझ्या तोंडातली तिनेच बनवली, बदाम फोडता येतो. तिच्यामागे सात महिने एक माणूस लागलाय. दवाखान्यात कसलंसं मशीन दुरुस्त करायला दोनदा आला होता. हिने एकदा पाणी हवंय का विचारलं. तेवढ्यावर त्याने मनात संसार थाटला. चिंगी नीट नाही म्हणाली, मग जोरात नाही म्हणाली. तेव्हापासून ती निघाली की हा निघतो. समोरच्या फुटपाथवर उभा राहतो. तिच्या स्कूटरला चिठ्ठ्या लावतो. रोज नव्या नंबरावरून फोन करतो आणि बोलत नाही, नुसता श्वास ऐकवतो. चिंगीने शेवटी नंबर बदलला. घरात आम्ही त्याला शेपूट म्हणतो. मी अजून पाहिलेलं नाही.

अशा शेपटांसाठी शहरात कार्यक्रम निघालाय. पाठलाग प्रतिबंध भागीदारी. पोलीस, महिला मदत केंद्र आणि कोर्टाची कचेरी, तिघांनी हातात हात घालायचे. चिंगी म्हणते, आजवर तिघं वेगवेगळे काही करत नव्हते, आता एकत्र मिळून करणार नाहीत. मला असला विनोद मुळीच आवडत नाही. चांगल्या कामाला नाट लावायची घरातल्यांना खोडच आहे.

तर ही भागीदारी चालते का, हे तपासायला मूल्यमापन समिती नेमलीय. समितीत त्रास झालेल्या घरातला एक माणूस हवा. चिंगीला रजा मिळेना. चिरंजीव म्हणाले, बैठका मला सोसत नाहीत. सूनबाई म्हणाली, मला कामं आहेत. माझी एकमताने निवड झाली.

६ जानेवारी, दुपारी तीन

पहिली बैठक. लांब टेबल, अकरा खुर्च्या, माणसं चार. ट्यूबलाइट लुकलुकत होती. तिच्या दुरुस्तीचं पत्र गेलंय म्हणे, दुसऱ्या खात्याला. म्हणजे इथेही भागीदारी.

कचेरीचे साहेब अध्यक्ष. गृहस्थ देवमाणूस, फक्त कुठल्याच प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. पोलिसांकडून हवालदारबाई. बदलून येऊन पंधरा दिवस झालेत, अजून स्वतःचं कपाट सापडलेलं नाही. केंद्राकडून एक बाई. त्या इतकं मऊ बोलतात की ऐकायला पुढे वाकावं लागतं, आणि वाकल्यावर कळतं की काही बोललेल्याच नाहीत. मी त्यांना मऊ बाई म्हणते. मनात.

गळ्यात घालायला पट्टा आणि ओळखपत्र मिळालं. फोटोत मी फार कर्तबगार दिसते.

गोपनीयतेची शपथ घेतली. इथलं इथेच राहील, उजव्या हाताने सही. घरी आल्यावर फक्त सूनबाईला सांगितलं. आणि शेजारणीला, कारण तिने पट्टा पाहून विचारलं. न सांगणं बरं दिसलं नसतं.

८ जानेवारी

चिंगीची फाइल वाचली. म्हणजे साहेबांनी वाचून दाखवली. मी थक्क झाले. पोलिसांनी शेपटाला बोलावून समज दिली आणि प्रकरण केंद्राकडे पाठवलं. शेरा: निकाली. मऊ बाईंनी फोनवरून दोन्ही बाजूंना समजावलं आणि कचेरीकडे पाठवलं. शेरा: निकाली. कचेरीने मनाई हुकूम काढला आणि अंमलबजावणीला पोलिसांकडे पाठवला. शेरा: निकाली. एका प्रकरणाचे तीन निकाल. आमच्या घरात एक नळ गळतो, त्याचा तीन वर्षांत एक निकाल लागलेला नाही.

जेवताना सगळ्यांना सांगितलं. चिंगी म्हणाली, आज सकाळी तो स्कूटरपाशी होता. मी म्हटलं, अगं, कागद बघ, कागदावर तू तीनदा सुटलीस. ती ताटातून उठली. हल्लीच्या मुलींना भूकच नाही.

९ जानेवारी, सकाळी

मनाई हुकूम नीट समजून घेतला. त्याने तिच्यापासून शंभर पावलांच्या आत यायचं नाही. चिंगी म्हणते, आला की स्वतः पावलं मोजतो आणि एकशेएकाव्या पावलावर उभा राहतो, पानाच्या टपरीला टेकून. मी म्हटलं, म्हणजे हुकूम पाळतो. फॉर्ममध्ये "हुकमाचे पालन" असा रकाना आहे, पाचपैकी पाच दिले.

फॉर्म फार सुंदर आहे. चौदा पानं. भागीदारीला शंभरपैकी किती, ते काढायचं. बैठकीला वेळेवर येतात का, चहाच्या वेळी एकमेकांशी बोलतात का, सगळं विचारलंय. पाठलाग थांबला का, हे विचारलेलं नाही. साहेब म्हणाले, तो भागीदारीचा विषय नाही, तो निकालाचा विषय, त्याची समिती वेगळी. पटलं. एक ना धड भाराभर चिंध्या करण्यापेक्षा एकेक काम नीट.

११ जानेवारी

घोडं एका ठिकाणी अडलंय. रकाना सातवा: माहितीची देवाणघेवाण, वीस मार्क. हवालदारबाईंना विचारलं, तुम्ही केंद्राला शेवटचा फोन कधी केलात. त्या म्हणाल्या, तिथे कुणी उचलत नाही. मऊ बाईंना विचारलं, का उचलत नाही. त्या म्हणाल्या, अनोळखी नंबर उचलायचा नाही असा आमचा सल्ला आहे, तोच आम्ही पाळतो. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, टपाल आहे ना.

शून्य. वीसपैकी. मला झोप लागेना, म्हणजे दुपारची.

संकल्प: हे तिघं आपापल्या बिळांत बसलेत. यांना बाहेर काढायचं काम माझं. जन्मभर सासू, चार जावा आणि दोन नणंदांना एका स्वयंपाकघरात नांदवलंय, ही तीन खाती म्हणजे काय.

१३ जानेवारी, संध्याकाळी सहा

युक्ती सुचली. फोनवर ग्रुप काढायचा. फाइलशी संबंधित सगळे एकाच जागी. मी सांगेन, सगळे ऐकतील.

साहेबांना कल्पना पसंत पडली, कारण त्यांना काही करायचं नव्हतं. चिंगीच्या फाइलमधल्या सर्व संबंधितांची यादी त्यांनी दिली. एकतीस फोन नंबर. नावं मात्र पांढऱ्या शाईने स्वतः बसून खोडली. म्हणाले, नावं उघडी केली तर गोपनीयता मोडते. नंबरांबद्दल नियमात काही नाही. किती बारीक विचार करतो हा माणूस.

तेव्हा कोण कुठला, ते मलाही माहीत नाही. मी ओळींच्या क्रमाने हाक मारणार. एक नंबरवाले, दोन नंबरवाले. यादीत चिंगीचा जुनाच नंबर आहे, तो बंद. नवा घातला नाही. तिला कशाला या व्यापात ओढा.

१५ जानेवारी

एकतीस नंबर घालायला दोन दिवस लागले. सूनबाई म्हणाली, मी करून देते. मी म्हटलं, शपथ आहे. फोन पदराखाली घेऊन केलं सगळं. तिसऱ्या चुकीला माझ्या भाच्याच्या मेहुण्याला फोन लागला. चांगला अर्धा तास बोलला. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

ग्रुपचं नाव ठेवलं "आपण सारे सोबत".

१६ जानेवारी, सकाळी नऊ

पहिला निरोप टाकला. नमस्कार, मी समितीची आजी, आता कोणी कोणापासून काही लपवायचं नाही. बहुतेकांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. चार नंबरवाल्यांनी गुलाबाचा फोटो टाकला. अकरावे ग्रुप सोडून गेले.

पण सत्तावीस नंबर! दोन मिनिटांत उत्तर. "नोंद घेतली. उत्तम उपक्रम. पुढील माहितीच्या प्रतीक्षेत." अशी माणसं आहेत म्हणून खाती चालतात. कोण असतील? भाषेवरून मोठा हुद्दा वाटतो.

१९ जानेवारी

बैठक. ग्रुपचं कौतुक झालं. माहितीची देवाणघेवाण: शून्यावरून चौदा. हवालदारबाई म्हणाल्या, त्यांच्या फोनची मेमरी भरलीय, त्यांना काही दिसत नाही. मऊ बाई म्हणाल्या, त्यांनी सगळे ग्रुप मुके करून ठेवलेत, मनःशांतीसाठी. साहेबांकडे साधा फोन आहे, बटणांचा. तरी चौदा. कारण रकान्यात "व्यवस्था आहे का" एवढंच विचारलंय.

मी सत्तावीस नंबरवाल्यांचा विषय काढला. तिघांनीही माना डोलावल्या. हवालदारबाईंना वाटलं, केंद्राचे असतील. मऊ बाईंना वाटलं, कचेरीचे. साहेब म्हणाले, साध्या वेशातले पोलीस असावेत, विचारणं बरं नाही. मला सगळं कळलं. खरी माणसं प्रसिद्धीपासून लांबच राहतात.

२२ जानेवारी

घरात बातमी, जपून लिहिते. चिंगी घर सोडून दुसरीकडे राहणार. नवी नोकरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, दात बनवण्याच्या कारखान्यातच. मैत्रिणीसोबत खोली घेतलीय. एक तारखेला जाणार. सूनबाईने आम्हाला ओळीने बसवून बजावलं, ही गोष्ट या चार भिंतींत राहील, ताकास तूर लागू द्यायची नाही. बोलताना बघत मात्र माझ्याकडेच होती. मला वाईट वाटलं. शपथ घेतलेली बाई घरात एकच, आणि संशय तिच्यावरच.

चिंगी खूप दिवसांनी हसली. म्हणाली, आजी, तिथे मी रस्त्यावरून मागे न बघता चालेन.

२४ जानेवारी, दुपारी

रकाना अकरा: "सुरक्षा योजना सर्व भागीदारांना अवगत आहे काय?" दहा मार्क.

पेचात पडले. इकडे आड, तिकडे विहीर. सूनबाई म्हणते सांगू नका, फॉर्म म्हणतो सर्वांना सांगा. पण सूनबाई कुठल्या समितीवर आहे? आणि बाहेरच्यांना सांगू नका असं ती म्हणाली. भागीदार म्हणजे काही बाहेरचे नव्हेत. ग्रुपचं नावच तसं आहे.

टाकलं. इमारत, मजला, बेल डावीकडची. सकाळी साडेआठला निघणार, सहाला परत. मैत्रीण बुधवारी गावाला जाते, तेही टाकलं, म्हणजे पोलिसांना बुधवारी जास्त लक्ष ठेवता येईल. एवढा विचार कोण करतं?

सत्तावीस नंबर, एका मिनिटात: "अत्यंत उपयुक्त. इमारतीला मागील दरवाजा आहे काय? सुरक्षेच्या दृष्टीने विचारत आहे."

बघा. याला म्हणतात अभ्यास. चिंगीला सहज विचारलं, म्हटलं, तुझ्या नव्या इमारतीला मागचा दरवाजा आहे का गं? ती म्हणाली, आहे, का? म्हटलं, हवा खेळती राहते. लगेच कळवलं.

रकाना अकरा: दहापैकी दहा.

१ फेब्रुवारी

चिंगी गेली. दोन पेट्या, एक कुंडी. घर सुनं झालं. चिरंजीव दारात उभे राहून घड्याळ बघत होते, डोळे पुसायचे नव्हते म्हणून. मी मात्र आनंदात. सूनबाईला म्हटलं, काळजी करू नकोस, तिच्यामागे एकतीस माणसं उभी आहेत. सूनबाईने विचारलं, कुठली माणसं? मी विषय बदलला.

५ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी दहा

चिंगीचा फोन. आवाज कसातरीच. नव्या जागी स्कूटरला चिठ्ठी. "मागच्या दाराने गेलीस तरी चालेल." एवढंच.

सूनबाई सारखी एकच गोष्ट म्हणत होती, त्याला कळलं कसं, त्याला कळलं कसं.

मीही हादरले. माहिती फुटतेय. कुठून? विचार केला. टेम्पोवाला. त्याने पेट्या पाहिल्या. शेजारीण. तिला मी फक्त तोंडदेखलं सांगितलं होतं, पत्त्याशिवाय. मैत्रिणीचा भाऊ, त्याचं वळण मला कधीच पटलं नाही. आणि खुद्द सूनबाई. फोनवर आपल्या आईशी किती वेळ बोलते.

ग्रुपवर टाकलं: "माहिती बाहेर जात आहे. सर्वांनी सावध राहावे." बाकी सगळे गप्प. चार नंबरवाल्यांचा गुलाब.

सत्तावीस नंबर: "अतिशय गंभीर बाब. मी जातीने लक्ष ठेवून आहे."

जरा धीर आला.

७ फेब्रुवारी

माहिती कोण फोडतं, याच्या शोधाचं काम सत्तावीस नंबरवाल्यांकडे सोपवलं. त्यांनी नम्रपणे स्वीकारलं. मॅडम दुसरीकडे हलणार असतील तर सर्वांत आधी मला कळवा, म्हणाले, म्हणजे इतरांना कळायच्या आत बंदोबस्त करता येईल. मी हो म्हटलं.

हवालदारबाईंनी एक माणूस त्या रस्त्याला पाठवला. तो चुकून शेजारच्या रस्त्याला तीन दिवस उभा होता. तिथे पूर्ण शांतता आहे असा अहवाल आला. अहवालाचे तीन मार्क.

सूनबाई माझ्याशी बोलत नाही. काही कारण नसताना.

१० फेब्रुवारी

चिंगी रजेवर. खोलीतून बाहेर पडत नाही. मैत्रिणीने दाराला दुसरी कडी बसवली. चिंगीने सूनबाईला सांगितलं, बेलची वायर काढून ठेवलीय. हे ऐकून मी तासभर जप केला आणि मग फॉर्म पूर्ण केला.

बेरीज: एक्याण्णव. शंभरपैकी एक्याण्णव! साहेब म्हणाले, इतर शहरांत साठ-पासष्टच्या वर कोणी गेलेलं नाही. हे सगळं आजींमुळे. मी म्हटलं, छे छे. पण ओळखपत्र जरा पुढे ओढलं.

संकल्प: शेवटच्या बैठकीत सत्तावीस नंबरवाल्यांचा सत्कार करायचाच. प्रमाणपत्र छापायला दिलं. गोपनीयता म्हणून नावाच्या जागी नुसतं "क्रमांक सत्तावीस". ग्रुपवर रीतसर आमंत्रण टाकलं. त्यांनी आधी आढेवेढे घेतले. मग विचारलं, मॅडम येणार आहेत का? मी कळवलं, येणार. दोन शब्द बोलायला बोलावलंय. ते म्हणाले, मग नक्की येतो.

आता चिंगीला तयार करणं आलं. फोन करून म्हटलं, पोलिसांच्या समोर आहे सगळं, तिथे कशाची भीती, आणि आजीसाठी एवढं कर. तिने बैठक किती वेळ चालते ते विचारलं. मग म्हणाली, बरं, एक तास.

१८ फेब्रुवारी, दुपारी

लिहायचं नव्हतं. पण डायरी ऑफिसची आहे, झालेलं लिहायलाच हवं.

अकराला बैठक. दहा वाजून पन्नास मिनिटांनी ते आले. सगळ्यांच्या आधी. तीस-पस्तिशीचे, इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. नम्र. मला आजी म्हणाले. माझी खुर्ची पंख्याखाली ओढून दिली. हवालदारबाईंनी त्यांना सलाम केला, चूक नको म्हणून. साहेब तर उभे राहिले. मऊ बाईंनी स्वतःच्या कपातला अर्धा चहा दिला. मी त्यांना शेजारी बसवलं आणि बिस्किटांची बशी पुढे केली. त्यांनी दोन घेतली. हळूच विचारलं, मॅडम किती वाजता येतील? म्हटलं, येतच असेल.

चिंगी दारात आली. तिथेच थांबली. एक हात चौकटीवर. तिच्या तोंडाचा रंग उतरताना मी पाहिला. तिच्या कामातल्या प्लास्टरसारखा झाला.

मला वाटलं, समिती बघून घाबरली. मी हसून हात केला.

ती म्हणाली, "आजी, तुझ्या शेजारी कोण बसलंय?"

मी म्हटलं, "अगं, हेच ते आपले सत्तावीस नंबरवाले."

"आजी, तो शेपूट आहे."

ट्यूबलाइट तेवढी लुकलुकत होती. मी वळून बघितलं. त्याच्या हातात अजून अर्धं बिस्किट होतं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तिच्याकडे बघत होता आणि हसत होता, घरी आल्यासारखा. म्हणाला, मी आपणहून आलो नाही, मला बोलावलंय. आणि फोन पुढे केला. माझं आमंत्रण. खाली माझंच नाव, "समितीची आजी".

यादी "सर्व संबंधितांची" होती ना. तक्रार त्याच्यावर. त्याच्याएवढा संबंधित दुसरा कोण? पोलिसांनी समज देताना नंबर घेतला, मऊ बाईंनी समजावताना तोच फिरवला, साहेबांनी त्याचंच नाव पांढऱ्या शाईने खोडलं. समज देणारे पोलीस बदलून गेले. मऊ बाईंनी त्याचा फक्त आवाज ऐकलेला. साहेबांनी फक्त कागद. अख्खा माणूस कोणी पाहिलाच नव्हता, चिंगीखेरीज.

हवालदारबाईंना सगळ्यांत आधी सुचलं. त्यांनी त्याचं मनगट धरलं. साहेबांनी विचारलं, आता प्रतिसादाचे मार्क कापावे लागतील का?

चिंगी तोवर निघून गेली होती. मी मागे धावले, पण पट्टा खुर्चीच्या हाताला अडकला.

१९ फेब्रुवारी

त्याला संध्याकाळीच सोडलं. हुकमाप्रमाणे त्याने तिच्या जवळ जायचं नाही. तो आधीपासून खुर्चीत बसला होता, जवळ आली ती. शिवाय लेखी आमंत्रण. हवालदारबाई रागाने लाल झाल्या होत्या. म्हणाल्या, आजी, मी काय लिहू सांगा.

यात माझी चूक नाही. यादी साहेबांची. नावं साहेबांनी खोडली. रकाना अकरा फॉर्मचा. फोनची मेमरी हवालदारबाईंची भरली होती. एकतीस जणांत एकाने जरी वाचलं असतं तर तेव्हाच उघडकीला आलं असतं. वाचत होतो आम्ही दोघंच. मी आणि तो.

२१ फेब्रुवारी

अहवाल वर गेला. एक्याण्णव कायम. तळटीप जोडलीय: "एका सदस्याचा उत्साह अपेक्षेहून अधिक आढळला." दुसऱ्या शहरातले लोक आमची भागीदारी बघायला येणार आहेत. साहेबांनी विचारलं, आजी, त्यांच्यासमोर बोलाल का? मी म्हटलं, दात दुखतायत. कवळी दुखत नाही, हे त्यांना माहीत नसावं.

ग्रुप बंद केला. बंद कसा करतात ते सूनबाईने दाखवलं. तिने आधी सगळं वाचलं, वरपासून. मी समोर बसून होते. ती ओरडेल असं वाटलं होतं. फक्त "मागचा दरवाजा" तिथे थांबली, आणि मग पुढे वाचत गेली.

२४ फेब्रुवारी, सकाळी

चिंगी आली. तिच्या वस्तू न्यायला. शहरच सोडतेय. कुठे, ते सूनबाईला माहीत. चिरंजीवांनाही सांगितलेलं नाही, कारण ते मला सांगतील.

मी म्हटलं, चिंगे, मला वाटलं ते सगळे तुझ्यासाठी आहेत. ती म्हणाली, माहितीय आजी. मग माझा फोन मागितला. आपला नवा नंबर शोधून काढला आणि पुसला. पुसल्यावर पुन्हा एकदा तपासून बघितलं. फोन दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला. जाताना माझी कवळी नीट बसतेय ना, विचारलं. हो म्हटलं.

१२ मार्च, दुपारी चार

आज चिंगीचा फोन आला होता, सूनबाईच्या फोनवर. सूनबाईने शेवटी दोन मिनिटं मला दिला. समोरच उभी राहिली.

विचारलं, कशी आहेस. बरी आहे म्हणाली. जेवतेस ना. हो. मग पुढे काय विचारावं ते सुचेना. कुठे आहेस, विचारायचं नव्हतं. काम कुठलं, तेही नाही. सोबत कोण, तेही नाही. म्हटलं, तिकडे ऊन आहे का गं?

ती म्हणाली, आजी, ते नको.

मी म्हटलं, बरं बरं, नको. खरंच आहे, उन्हावरूनही गाव कळतं. मग मीच आमच्याकडचं ऊन किती आहे ते सांगत बसले, दोन मिनिटं होईपर्यंत.